डब्यातला सुटा चहा

पुरुषोत्तम घारपुरे यांचा अमेरिकेवर विश्वास नव्हता. येऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा-सून काही कमी पडू देत नव्हती, नात शाळेतून आली की आजोबांच्या खोलीत बसून गृहपाठ करायची. तरी या देशात आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय, अशी त्यांची पक्की समजूत होती. वेस्ट विंडसरमधल्या मुलाच्या ऐसपैस घराची भिंत त्यांनी पहिल्याच दिवशी बोटानं वाजवून पाहिली, तर ती पोकळ वाजली. इथली घरं लाकडी सांगाड्याची असतात, वरून नुसते पातळ तक्ते ठोकतात, असं विनयनं, म्हणजे मुलानं, समजावून सांगितलं. पुरुषोत्तमरावांनी मान डोलावली. त्यानंतर मात्र जाता-येता भिंतीला टिचकी मारून बघायची त्यांना सवयच लागली.

दुधाचंही तेच. इथे दूध घागरीएवढ्या प्लास्टिकच्या कॅनमधून यायचं आणि त्यावर तारीख छापलेली असायची. "दूध काढलं कधी ते सांगत नाहीत, टाकायचं कधी ते सांगतात," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. इंग्लंडमध्ये कसं, पहाटे दारात काचेच्या बाटल्या ठेवल्याचा आवाज यायचा. बाटलीच्या तोंडाला चंदेरी कागदाचं झाकण. थंडीत चिमुकले पक्षी ते झाकण चोचीनं फोडून वरची साय खायचे, म्हणून दूधवाल्यासाठी पायरीवर एक फुटका कप ठेवायचा आणि त्यानं तो बाटलीवर उपडा घालायचा. कोणी शिकवलं नव्हतं, कोणी पैसे मागितले नव्हते. सगळी गल्ली तसं करायची.

गल्ली म्हणजे कॉव्हेंट्रीतली. तिथल्या एका यंत्रांच्या कारखान्यात पुरुषोत्तमरावांनी पंचवीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले. बायको, पद्मिनी, तिथेच गेली. मग एकट्या वडिलांना विनयनं इकडे आणलं. आणलं ते शरीर. बाकीचे पुरुषोत्तमराव कॉव्हेंट्रीतच राहिले होते. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जवळच्या प्रिन्स्टनमध्ये शिकणारी पुण्या-नागपूरची पोरं यायची. त्यांच्यातलं कुणी चुकून शेजारी बसलं की त्याची सुटका नसे. गळ्यात मशिन अडकवून, हँडल फिरवून तिकीट काढणारा बसमधला कंडक्टर; साडेदहाच्या ठोक्याला चहाची गाडी ढकलत ऑफिसात येणारी आणि सगळ्यांना 'लव्ह' म्हणणारी बाई; बुधवारी दुपारी बंद होणारा अख्खा बाजार; घोडागाडीवरून भंगार गोळा करत फिरणारा आणि काय ओरडतो ते कुणालाच न कळणारा म्हातारा. पोरं बिचारी 'हो काका, हो काका' करत प्लेट संपवायची. इंग्रजांवर इतकं प्रेम असलेला मराठी माणूस त्यांनी पूर्वी पाहिला नसावा. खरं तर इंग्रजांवर त्यांचं काही प्रेम नव्हतं. प्रेम होतं ते गोष्टी जिथल्या तिथे असण्यावर.

आणि प्रेम होतं बाळ वर्तकवर, पण ते त्यांनी जन्मात कबूल केलं नसतं. एकाच बोटीनं दोघं विलायतेला गेले, एकाच घरमालकिणीच्या माडीवरच्या खोलीत एका गॅसच्या शेगडीवर पिठलं शिजवून राहिले. बाळ बी.एस्सी. झालेला, पण पहिली नोकरी मिळाली ती बसवर कंडक्टरची, आणि तीही त्यानं हसत हसत केली. पुढे दोघांची लग्नं झाली, दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरं झाली. दर शनिवारी हॅलम नावाच्या वाण्याकडे दोघं मिळून चहा आणायला जायचे. हॅलमकडे चहा सुटा मिळायचा. मोठमोठ्या काळ्या डब्यांतून दोन-तीन जातींची पानं काढून, तागडीत तोलून, तो डिंकाशिवाय नुसत्या घड्या घालून चौकोनी पुडी बांधायचा. ती पुडी घरी येईपर्यंत सुटली नाही म्हणजे इंग्रजांचं राज्य अजून शाबूत आहे, असं बाळ म्हणायचा.

पुरुषोत्तमराव अमेरिकेला निघाले तेव्हा बाळनं निरोपाचं काही बोलणं केलं नाही. तुला तिकडे चहा मिळणार नाही, मी पाठवत जाईन, एवढंच म्हणाला. आणि त्यानं ते पाळलं. पत्र लिहायचा दोघांनाही कंटाळा, आणि फोनवर तीन मिनिटांत हवापाण्याशिवाय दुसरं काही होत नाही असं बाळचं मत. तेव्हा पार्सल हेच पत्र. तपकिरी कागद, सुतळीची गच्च गाठ, आणि कागदाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली एखादी ओळ: 'दहा नंबरच्या बसचा कंडक्टर काढला.' 'आपला दूधवाला म्हणतो, निम्म्या गल्लीनं बाटल्या बंद केल्या.' 'हॅलम चहाच्या पिशव्या ठेवायला लागलाय, मी त्याच्याशी बोलणं सोडलंय. चहा मात्र घेतो.' पुरुषोत्तमराव त्या ओळी वाचून चरफडत आणि दिवसभर खुशीत असत. सुतळी सोडवून, गुंडाळून, टेबलाच्या खणात ठेवत.

त्या ऑक्टोबरात त्यांची बायपास झाली. छाती चिरली, महिनाभर घरात सगळे चवड्यांवर चालत होते. कुठून कुठून फोन आले. अमेरिकेतल्याच प्लेनोहून चुलतभावाचा आला, ज्याच्याशी त्यांचं कधीच पटलं नव्हतं. बाळचा आला नाही. "बाळकाकांनी विचारलं हं तुम्हाला," असं विनय एकदा म्हणाला, पण छताकडे बघत. पुरुषोत्तमरावांनी ते पोकळ भिंतीच्या खाती जमा केलं. फोनवर विश्वास नाही हे ठीक, पण माणूस मरता मरता वाचल्यावर तरी? मग तेही हट्टाला पेटले. आपण होऊन फोन करायचा नाही. मी का करावा? छाती माझी फाडली होती.

अबोला तिकडे पोचला की नाही कुणास ठाऊक, पण चहा मात्र येत राहिला. डबा खाली जायला लागला की दीपा, म्हणजे सून, सांगायची, "बाबा, बाळकाकांचं पार्सल आलं. तुम्ही झोपला होतात, मी डब्यात भरून टाकलं." हे ऐकलं की पुरुषोत्तमरावांना आत कुठेतरी बरं वाटायचं. लेकाचा तोंडानं माफी मागायचा नाही, पण पाठवतोय. कप हातात घेऊन ते खिडकीशी बसत आणि बाळला निम्मं माफ करत. उरलेलं निम्मं त्यांनी राखून ठेवलं होतं.

पाल चुकचुकली ती फेब्रुवारीत. चहा पटकन उतरायला लागला होता. हॅलमच्या चहाला किटलीत घालून, वर लोकरीची टोपी चढवून, पाच मिनिटं गप्प बसावं लागायचं. हा मिनिटभरातच शाईसारखा काळा. गाळणीत मोठी पानं दिसेनात, नुसता भुगा. बाळ फसवला जातोय की काय, हा पहिला संशय. का मुद्दाम हलकी पत्ती पाठवून राग काढतोय, हा दुसरा. दुसराच त्यांना जास्त पटला, आणि त्यांनी बाळला मनातल्या मनात असं काही सुनावलं की कप थंड होऊन गेला.

"पार्सलाचा कागद कुठाय?" त्यांनी दीपाला विचारलं.

टाकला, असं ती म्हणाली. सुतळी? तीही. कागदावर काही लिहिलं होतं का? तिनं नळ सोडला आणि भांडी विसळता विसळता, नव्हतं बहुतेक, असं सांगितलं. दीपा घरातला एक रबर बँडसुद्धा टाकत नसे. नाशकातल्या मास्तरांची मुलगी. दह्याचे रिकामे डबे धुऊन त्यांत डाळी भरणारी. तिनं सुतळी टाकली? त्या दिवशी संशयानं बाळचं घर सोडलं आणि तो सुनेच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

ड्राफ्ट्समन माणूस संशय घेतो तोही मोजून-मापून. घरात कोणी नसताना त्यांनी डबा उघडला, चहा सपाट केला आणि आतल्या पत्र्यावर कठीण शिशाच्या पेन्सिलीनं केसाएवढी बारीक रेघ मारली. चहा रेघेच्या खाली गेला. आणखी खाली गेला. मग एका रविवारी संध्याकाळी पाहिलं, तर तो रेघेच्या वर आलेला. रविवारी टपाल येत नाही. ही गोष्ट अमेरिकेत आणि इंग्लंडात दोन्हीकडे सारखी.

त्यांनी दीपाला काही विचारलं नाही. आता विचारायचं नव्हतं, पकडायचं होतं. रविवारी सकाळी विनय रेवतीला, म्हणजे नातीला, पोहायला घेऊन जायचा, तेव्हा दीपा तळघरात कपडे धुवायला म्हणून जायची आणि तिथल्या फोनवरून बराच वेळ हळू आवाजात बोलायची. पुरुषोत्तमराव जिन्याच्या वरच्या पायरीवर कान टवकारून उभे राहिले. मशिनच्या घरघरीतून तुकडे वर येत होते. "नाही काकू, अजून नाही कळलं त्यांना..." मग काही वेळ नुसतंच हूं हूं. मग, "चहा संपू देणार नाही मी." आणि शेवटी हुंदक्यासारखं काहीतरी, पण ते त्यांना खोकल्यासारखं वाटलं. माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं, आणि त्यांना तेव्हा फक्त कट ऐकायचा होता.

पुढच्या कचऱ्याच्या दिवशी, सगळे आपापल्या वाटेनं गेल्यावर, ते गॅरेजमध्ये गेले आणि कचऱ्याची पिशवी उघडून बसले. समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते; त्यांनी हात हलवला, तर पुरुषोत्तमरावांनीही हातात बटाट्याची सालं असताना ऐटीत हात हलवला. अगदी तळाशी दह्याचा एक डबा होता. न धुतलेला, झाकण लावलेला. दीपा डबे टाकत नाही, म्हणूनच हा टाकलेला डबा त्यांच्या नजरेत भरला. आत पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेल्या चहाच्या पिशव्या होत्या, कापलेल्या. प्रत्येकीचं एक टोक कात्रीनं सरळ उडवलेलं, आतला चहा काढून घेतलेला, आणि दोरा अन् दोऱ्याच्या टोकाचा कागदाचा चौकोन तसाच लोंबणारा.

तिथेच, दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत, त्यांना सगळं लख्ख दिसलं. बाळचा चहा येतोय. तो जातो कुठे? जातो दीपाच्या मैत्रिणींकडे. ती सुलेखा, जिनं पाडव्याला त्यांच्या चहाचं एवढं कौतुक केलं होतं, आणि ती तळघरातली कुठली काकू. म्हाताऱ्याला काय कळतंय? म्हाताऱ्याला दोऱ्याचा चहा कापून घाला. लुबाडल्याचं त्यांना तेवढं वाईट वाटलं नाही. आपल्याला जीभ नाही असं गृहीत धरलं, हे लागलं. आणि त्याहून लागलं ते हे, की याच सुनेनं हॉस्पिटलात रात्र रात्र खुर्चीवर बसून काढल्या होत्या, आणि तेव्हा ते तिला मनात 'मुलगी' म्हणाले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी रेवतीला सहज विचारल्यासारखं विचारलं, की आई रविवारी कात्रीनं काय गं कापते?

रेवतीनं वहीतून मान वर केली नाही. "आय डोन्ट नो, आजोबा. इट्स जस्ट टी."

साक्षीदारही मिळाला. पुरुषोत्तमरावांनी निर्णय घेतला. बाळच्या घरी वरची खोली रिकामी होती. अबोला झाला तर झाला, बाळ दार लावून घेणारा नव्हता. परत जायचं. तिथे कंडक्टर नसेल, बाटल्या नसतील, पण चहात कोणी लबाडी तरी करणार नाही. फक्त जाण्याआधी मुलासमोर गोष्ट शाबीत करायची. विनयनं म्हणू नये की बाबांना वयानं भास व्हायला लागले. शाबीत करायला एकच बाब कमी होती: किती पुड्या पाठवल्यास, हे बाळच्या तोंडून.

शुक्रवार होता. विनय गाडीनं न्यूयॉर्कला गेलेला, रेवती शाळेत, दीपा लायब्ररीतल्या कामावर. ती तीनला परतायची. पुरुषोत्तमरावांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. त्यावर चहाचा डबा मांडला, झाकण काढून, रेघ दिसेल असा. शेजारी एका बशीत डब्यातला भुगा. आणि त्या कापलेल्या पिशव्या त्यांनी हातानं सपाट करून ओळीनं लावल्या, दोरे एका बाजूला करून, कारखान्यात नमुने मांडत तसे. संध्याकाळी विनय आला की त्याला इथे बसवायचं. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि इतक्या महिन्यांच्या हट्टावर पाणी सोडून कॉव्हेंट्रीचा नंबर फिरवला. तिकडे चारचा सुमार असणार. चहाची वेळ.

फोन लतिकानं, बाळच्या बायकोनं, उचलला आणि इंग्रजी पद्धतीनं आधी आपला नंबर सांगितला.

"वहिनी, मी पुरुषोत्तम. द्या त्याला. भांडायचंय."

तारेतली सूं सूं तेवढी ऐकू येत होती. त्यांना वाटलं, ती बाळला हाक मारायला गेली. त्यांनी मनात वाक्यांची जुळवाजुळव केली: आधी बायपासचं काढायचं की आधी पुड्यांचं?

"भाऊजी," लतिका म्हणाली. ती गेलीच नव्हती. "दीपानं सांगितलं नाही अजून?"

"काय सांगायचंय?"

"हे गेले. ऑक्टोबरात. तुमचं ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात." मग मऊ आवाजात, जणू त्यांनाच सांभाळत, तिनं सांगितलं की बसस्टॉपवर उभे होते, खाली बसले आणि गेले. विनयला तिनं लगेच फोन केला होता. डॉक्टर म्हणाले, इतक्यात धक्का नको. मग महिन्यानं सांगू म्हणाले, मग संक्रांतीनंतर म्हणाले, आणि मग सांगायला धीरच होईना कुणाला.

पुरुषोत्तमरावांनी विचारलं ते भलतंच. त्यांचं त्यांनाच कळलं नाही की आपण हे का विचारतोय. "मग चहा?"

"चहा कुठला, भाऊजी. हॅलमचं दुकान दिवाळीच्या सुमाराला बंदच झालं." लतिका रडत असावी, पण बोलत राहिली. "दीपा दर रविवारी फोन करते मला. कुठला चहा, कसा मिसळायचे, सगळं विचारून घेतलं तिनं. तिथल्या कुठल्या दुकानात इंग्लंडचाच चहा मिळतो म्हणाली, पण पिशव्यांत. मी तिला म्हटलं, सांगून टाक गं आता. तर म्हणाली, बाबांच्या डब्यात चहा आहे तोवर बाळकाका आहेत, काकू. रिकामा डबा मी त्यांच्यापुढे कसा ठेवू?"

नंतर काय बोलणं झालं ते त्यांना आठवेना. फोन जागेवर ठेवला एवढं खरं. खुर्चीत बसले. समोर त्यांनीच मांडलेला पुरावा होता. त्यांना बाळसाठी रडू आलं नाही. आला तो राग, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. सहा महिने ते बाळला शिव्या घालत होते. बसस्टॉपवर खाली बसलेल्या बाळला. फोन केला नाहीस म्हणून, हलकी पत्ती पाठवलीस म्हणून. आणि निम्मी माफी राखून ठेवली होती, तो वळणावर येईल तेव्हा द्यायला.

बऱ्याच वेळानं, दोन वाजून गेल्यावर, ते उठले आणि आंघोळीला गेले. दहा दिवस उलटून गेल्यावर बातमी कळली तर नुसती आंघोळ करायची, एवढं त्यांना वडिलांच्या वेळचं आठवत होतं. मित्राचं सुतक नसतं हेही आठवत होतं. तरी त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं, गार, आणि तिथे, शॉवरखाली, त्यांना रडू आलं. पाण्याचा आवाज मोठा होता, ते बरं झालं.

दीपा आली तेव्हा ते धुतलेल्या कपड्यांत, ओल्या केसांनी टेबलाशी बसले होते. टेबल आवरायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. तिनं दारातून आधी डबा पाहिला. मग ओळीनं लावलेल्या पिशव्या. ती काही सबब सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला त्यांचे केस दिसले. भर दुपारची ही आंघोळ कसली ते तिला सांगावं लागलं नाही. पर्स खांद्यालाच ठेवून ती समोरच्या खुर्चीत बसली.

"लतिकाकाकूंचा फोन आला?"

"मी केला. तुला चोर ठरवायला केला."

तिनं त्यावर मान खाली घातली, जणू तो आरोप रास्तच होता. रोज ठरवायचे आज सांगीन म्हणून, ती म्हणाली. रोज सकाळी तुम्ही किटली घेऊन खिडकीशी बसायचात आणि मला वाटायचं, आज नको.

पुरुषोत्तमरावांना तिला बरं वाटेल असं बोलायचं नव्हतं. ते तसे नव्हतेच. "तू चुकलीस," ते म्हणाले. "तुम्ही दोघंही. मला त्याच्यासाठी रडायचं होतं, दीपा. मी त्याच्यावर रुसून बसलो. माझा एकुलता एक मित्र गेला आणि मी त्याच्यावर रुसून बसलो होतो, आणि तुम्ही मला बसू दिलंत."

"हो, बाबा."

एवढंच ती म्हणाली. रडत होती, पण डोळे पुसत नव्हती. लायब्ररीच्या पुस्तकांच्या धुळीनं मळलेले तिचे हात टेबलावर, त्या पिशव्यांच्या शेजारी होते, आणि उजव्या अंगठ्याच्या पेरापाशी कात्रीचा घट्टा पडला होता. तो त्यांनी इतक्या महिन्यांत पाहिला नव्हता. कचरा तपासला होता, डबा तपासला होता, जिन्यावर चोरून उभे राहिले होते. हात तेवढा बघायचा राहून गेला होता.

बाहेर शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर थांबून पुढे गेली. आता रेवती येईल. दीपा उठली, पदर नसल्यानं कशानं पुसावं ते न कळून तिनं बाहीनं तोंड पुसलं, आणि सवयीनं हात डब्याकडे नेला.

"तो नको," पुरुषोत्तमराव म्हणाले. "तुझ्याकडे एखादी पिशवी आहे? न कापलेली?"

तिनं वरच्या कपाटातून, पिठांच्या डब्यांमागून, खोकं काढलं. किटली नाही, लोकरीची टोपी नाही. मगमध्ये पिशवी, वरून गरम पाणी, आणि कडेला लोंबणारा दोरा. तो मग तिनं त्यांच्यापुढे ठेवला आणि ती उभी राहिली. पुरुषोत्तमरावांनी दोऱ्याकडे पाहिलं. असला चहा आयुष्यात प्यायचा नाही असं त्यांनी आणि बाळनं अनेकदा, हॅलमच्या दुकानातून येता येता, ठरवलं होतं. त्यांनी एक घोट घेतला. वाईट नव्हता, आणि बाळचाही नव्हता. इतके दिवस प्यायलेला तो हाच चहा होता.

अर्धा मग संपवून त्यांनी दोरा धरून पिशवी वर उचलली. ती ठिबकत होती. पुढे काय करायचं ते त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"ही कुठे ठेवायची गं?" त्यांनी विचारलं.

बशी टेबलाच्या पलीकडे होती, भुग्यानं भरलेली. दीपानं आपला तळवा पुढे केला.